निळ्या पिकअपचं निदान

त्याला लोक डॉक्टर म्हणत, आणि त्याचा दोष एवढाच की तो हाक ऐकून वळून बघत असे.

शिक्षण म्हणाल तर दहावी, तीही दोन हप्त्यांत. धंदा डेंटिंगचा. ठोकलेल्या गाडीचा पोचा आतून हातोडीनं बाहेर आणायचा, पत्रा सपाट करायचा, अगदीच हाताबाहेर गेलं असेल तिथे पुट्टी थापायची आणि घासूनपुसून रंगवाल्याच्या हवाली करायचं. बावीस वर्षं हेच केल्यावर त्याचा उजवा दंड डाव्यापेक्षा चांगला इंचभर जाड झाला होता. शिंपी दर वेळी विचारायचा, "माप कुठल्या हाताचं घेऊ?" आणि हा अभिमानानं उजवा पुढे करायचा. त्यामुळे त्याच्या प्रत्येक शर्टाची डावी बाही वाऱ्यावर फडफडत असे.

पण डॉक्टरकी हातोडीची नव्हती, चुंबकाची होती. जुन्या स्पीकरमधून काढलेलं वाटीएवढं चुंबक. गाडीच्या रंगावर ओरखडा उठू नये म्हणून बायकोनं त्याला चादरीच्या तुकड्याचं टोपडं शिवून दिलं होतं, गुलाबी, फुलाफुलांचं. बंद पडलेल्या गोदामामागच्या मैदानात दर रविवारी जुन्या गाड्यांचा बाजार भरे. तिथे पिकअप घ्यायची असली की माणूस आधी डॉक्टरला गाठी. चुंबक चिकटलं की पत्रा खरा. घसरलं की आत जाड पुट्टी, म्हणजे गाडी कुठेतरी आपटलेली आणि मालक ते झाकतोय. शास्त्र एवढंच. पण एवढ्यात आटपलं तर तो डॉक्टर कसला?

पहिली फेरी हात पाठीमागे बांधून, कुणाशी न बोलता. दुसरी बोटाच्या पेरानं टकटक करत, कान तिरका करून. तिसऱ्या फेरीला खिशातून गुलाबी टोपडं निघे, आणि तोवर पंधरा-वीस माणसं भोवती जमून चिडीचूप झालेली असत. पैसे तो घेत नसे. ती शांतता हीच त्याची फी. घरी ती त्याला कधी मिळाली नव्हती.

"दूध उतू जाऊन शेगडी विझली तरी यांना पत्ता नसतो," बायको म्हणायची, "आणि चार वर्षांपूर्वी कुणाच्या दाराला खरचटलं ते मात्र बोटाला कळतं."

धाकट्या मेहुणीचा नवरा, म्हणजे साडू, फर्निचरच्या दुकानातली कपाटं-पलंग घरोघरी पोचवायचा. त्याला स्वतःची पिकअप घ्यायची होती. बाजारात एक निळी त्याच्या मनात भरली होती. तो डॉक्टरला म्हणाला, "साडूभाऊ, तुम्ही हो म्हणालात तर घेतो. नाही म्हणालात तर तिच्याकडे मान वर करून बघणार नाही."

आता, एवढ्या भाविक माणसाला नुसतं 'हो' म्हणून परत पाठवायचं म्हणजे त्याच्या श्रद्धेचा अपमानच.

निळी पिकअप नर्सरीवाल्या बाईंची होती. पाण्याच्या टाकीमागे तीस वर्षं त्या रोपं विकत होत्या. आता कंबरेनं दगा दिला होता. उचलणं-ठेवणं बंद, म्हणून नर्सरी आवरून महिनाअखेरीला त्या भावाकडे राहायला निघाल्या होत्या. सात वर्षं वापरलेली गाडी तेवढी विकायची राहिली होती. कागदांची फाईल छातीशी धरून त्या गाडीजवळ उभ्या होत्या, मुलीचा निकाल ऐकायला आलेल्या आईसारख्या.

"एकदाही कुठे ठोकलेली नाही," त्या म्हणाल्या.

"हे सगळेच म्हणतात," डॉक्टर म्हणाला आणि पहिल्या फेरीला निघाला.

गंजाचा ठिपका नव्हता. सात वर्षं हौद्यातून ओली माती आणि शेणखत वाहिलेली गाडी, आणि गंज नाही. दुसरा कुणी खूश झाला असता. डॉक्टरनं भुवया आवळल्या. कधीच काही चुकलं नाही म्हणणारा माणूस आणि कुठेच न गंजलेली गाडी, दोघांवरही त्याचा विश्वास नव्हता.

"शोरूममध्ये सांगितलं होतं, ही गंजत नाही म्हणून," बाईंनी खुलासा केला.

"बाई, न गंजणारा पत्रा आणि न भांडणारा शेजारी अजून जन्माला यायचेत."

लोक हसले. एकदा लोक हसले की डॉक्टरचं डोकं थांबतं आणि जीभ सुटते, हे त्याचं जुनं दुखणं. त्यानं टकटक केली. खणखणीत आवाज यायचा तिथे काहीतरी वेगळंच, ठप्प ऐकू आलं. त्यानं गर्दीकडे अर्थपूर्ण नजरेनं पाहिलं. मग खिशातून टोपडं काढलं, चुंबक दारावर टेकवलं आणि हात सोडला. चुंबक सरळ त्याच्या पायाच्या अंगठ्यावर पडलं.

दुसरं दार. पुन्हा तेच. बॉनेट. हौद्याची डावी बाजू, उजवी बाजू, मागची झडप. कुठेच धरेना. बावीस वर्षांत त्यानं अर्धं दार पुट्टीचं पाहिलं होतं, एकदा तर पाऊण बॉनेट. पण अख्खी गाडी! त्याला रागाऐवजी आनंदच झाला. दुर्मीळ रोगाचा रोगी सापडल्यावर मोठ्या डॉक्टरांना होत असावा तसा. खाली वाकून त्यानं चेसिसला चुंबक लावलं, तिथे ते टच्चकन बसलं. तो उठला, गुडघे झटकले, आणि गर्दी पुरती गप्प होईपर्यंत थांबला.

"सांगाडा तेवढा खरा आहे. वरची अख्खी गाडी पुट्टीची."

पुट्टीची अख्खी गाडी कुणी बनवील कशी, आणि बनवलीच तर पहिल्या खड्ड्यात तिचा भुगा कसा होणार नाही, हा प्रश्न शेंबड्या पोरालाही पडला असता. डॉक्टरला पडला नाही. पडला असता तर तो आजही ताठ मानेनं फिरत असता.

"म्हणजे मी खोटं बोलतेय?" बाईंनी विचारलं.

"मी कुठे म्हणतो? पत्रा म्हणतोय."

हे वाक्य त्याला बोलताना फार आवडलं. बाईंनी फाईल मिटली, गाडीत जाऊन बसल्या, स्टिअरिंगवर हात ठेवले आणि कितीतरी वेळ गाडी सुरूच केली नाही. भोवती उभ्या असलेल्यांपैकी निम्म्यांच्या अंगणात त्यांची झाडं होती.

आठवड्याभरात बायको बाजारातून परतली ती पिशवी आपटतच. "ऐकलंत? नर्सरीत उरलेली रोपं निम्म्या भावात काढलीत, तरी माणूस फिरकत नाही. म्हणे, गाडीत जी बाई पुट्टी भरते ती लिंबू म्हणून काय देत असेल कुणास ठाऊक. आपलं लिंबू त्यांच्याकडचंच आहे ना? वर्षाला शंभर देतंय."

"खरं ते खरं," डॉक्टर म्हणाला. "मला काय बाईंचा राग होता?"

"राग असता तर बरं झालं असतं. निदान कारण तरी असतं."

इकडे साडूनं जुन्या गाड्यांचा धसकाच घेतला. जुन्यात एवढी फसवाफसवी, तर नवीच घेऊ, असं म्हणून त्यानं शोरूममधून कोरी करकरीत पिकअप आणली. निळी मनातून गेली नव्हती, म्हणून त्याच कंपनीची, त्याच जातीची, फक्त पांढरी. शनिवारी सकाळी गाडी डॉक्टरच्या दारात उभी राहिली. मेहुणी आली, शेजारी जमले, बायकोनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

"साडूभाऊ, हात फिरवा एकदा," साडू म्हणाला. "नवी आहे, पण तुमचा हात लागला की समाधान."

डॉक्टरनं टोपडं काढलं, निव्वळ आशीर्वादापुरतं. दारावर ठेवलं. चुंबक खाली.

त्यानं पुन्हा ठेवलं. पुन्हा खाली. मेहुणीच्या हातातली साखर तशीच राहिली. डॉक्टरचा चेहरा हळूहळू गंभीर झाला, आणि तो असं काही बोलला की ते आठवलं तर त्याला आजही उशीत तोंड खुपसावंसं वाटतं.

"साडूभाऊ, शोरूमवाल्यांनी तुम्हाला पुट्टीची गाडी दिली."

ज्या माणसाला आठ दिवसांत दोन अख्ख्या पुट्टीच्या गाड्या भेटतात, त्यानं खरं तर गाड्यांवर नाही, स्वतःवर संशय घ्यावा. पण डॉक्टरला वाटलं, ही टोळीच दिसते. दोघे तडक शोरूममध्ये गेले. काचेचं दार, आत गारवा, काउंटरमागे सर्व्हिस खात्यातली एक मुलगी. डॉक्टरनं चुंबक काउंटरवर ठेवलं, बाह्या सरसावल्या (डावी आपोआप खाली आली) आणि सुरुवात केली.

"ग्राहक म्हणजे तुम्हाला काय वाटलं? खेड्यातला आहे म्हणून पत्र्याच्या जागी पुट्टी?"

मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "सर, चुंबक चिकटलं नाही म्हणून?"

"तेच सांगतोय मघापासून!"

"ते नाहीच चिकटणार. बॉडी ॲल्युमिनियमची आहे."

"कशाची?"

"ॲल्युमिनियमची. खालची चेसिस पोलादी, वरचं सगळं ॲल्युमिनियम. वजन कमी होतं, डिझेल वाचतं, गंजत नाही. या मॉडेलला आठ वर्षं झाली."

डॉक्टरची परिस्थिती अशी, की चुंबक ॲल्युमिनियमला चिकटत नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या गॅरेजातली शिडी ॲल्युमिनियमची होती. खिडकीच्या चौकटी ॲल्युमिनियमच्या होत्या. बायको पिठाचा डबा म्हणून जे वापरत होती तेही तेच. शिडी, खिडकी, डबा, सगळं मान्य. पण दगड-विटा वाहायच्या गाडीला कुणी डब्याचा धातू लावील, ही शंका त्याच्या मनाला शिवली नव्हती. अज्ञानाला निदान शाळेत पाठवता येतं. त्याच्याकडे ज्ञान होतं, फक्त ते घरच्या शिडीवर चढून बसलं होतं.

"आठ वर्षं?" तो चाचरत म्हणाला. "मग माझ्याकडे एकही कशी दुरुस्तीला आली नाही?"

"बाहेर देत नाहीत सर. या ना, दाखवते."

तिनं मागे नेलं. वर्कशॉपच्या एका कोपऱ्यात जाड पडदे सोडून वेगळी खोली केली होती. आत वेगळ्या हातोड्या, वेगळ्या कानशी, वेगळी पक्कड. पोलादाला लावलेलं हत्यार इथे चालत नव्हतं. पोलादाचा बारीक कीस ॲल्युमिनियममध्ये रुतला तर तिथून ते खराब होतं, असं ती म्हणाली.

"पत्रा तापवला की लाल होतो ना, आपल्याला कळतं कधी थांबायचं," मुलगी सांगत होती. "हे लालच होत नाही. वाट बघत बसलात तर सरळ भोक."

डॉक्टरनं पडद्याआड मान घालून पाहिलं आणि बाहेर काढली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला काही दाखवलं गेलं आणि त्यानं त्यावर मत दिलं नाही.

परतताना साडू गाडी चालवत होता. एका हातानं स्टिअरिंग धरून त्यानं दुसऱ्या हाताच्या बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाला, "साडूभाऊ, म्हणजे ती निळी..."

"समोर बघा."

"नाही, सात वर्षांची होती ती. आणि मॉडेल आठ वर्षांचं. म्हणजे हिशेबानं..."

"साडूभाऊ, समोर बघून चालवा हो!"

घरी बायकोला सगळं कळायला दोन मिनिटं लागली. साडूला लपवता काही येत नव्हतं. बायकोनं पोळ्या लाटता लाटता ऐकलं, लाटणं खाली ठेवलं. "मग जा आणि सांगा."

"सांगू, पण कसं? बावीस वर्षांचं नाव..."

"बाईंचं तीस वर्षांचं होतं."

डॉक्टरनं दुपारभर गॅरेजात बसून वाक्यं जुळवली. 'नव्या माहितीनुसार.' 'चुंबकाची ताकद थोडी उतरली होती.' 'त्या दिवशी हवा दमट होती.' प्रत्येक वाक्यात तो स्वतः कसा तरी निर्दोष सुटत होता आणि बाई जागच्या जागीच राहत होत्या. शेवटी निळी अजून विकायची आहे का, एवढं तरी कळावं म्हणून त्यानं बाजारातल्या दलालाला फोन लावला.

"कसली विकायची? उद्या मीच घेतोय," दलाल खुशीत होता. "भंगारापेक्षा चार पैसे वर. सगळी तुमची कृपा, डॉक्टर."

"अरे, पण ती पुट्टी नाही. ॲल्युमिनियम आहे."

"ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

"मग बोलला का नाहीस तेव्हा?"

"डॉक्टरांचं निदान झाल्यावर कंपाउंडरनं तोंड उघडू नये. आणि आता तुम्हीही उघडू नका. बाईंना काय, महिनाअखेरीला जायचंच आहे. तुमचं नाव राहील, माझी गाडी राहील. कुणाचं बिघडलं?"

डॉक्टरला आठवलं, त्या रविवारी सगळ्यात मोठ्यानं "वा, डॉक्टर!" असं हाच म्हणाला होता. आणि ते आपल्याला किती गोड लागलं होतं, तेही आठवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोराकडूनच शाबासकी घेतली होती. त्यानं फोन ठेवला आणि हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ड्रिलचं नवं बिट आणलं.

रविवारी तो पोचला तेव्हा निळ्या गाडीच्या बॉनेटवर कागद पसरले होते आणि दलाल बाईंना पेन देत होता.

"बाई, थांबा," डॉक्टर धापा टाकत म्हणाला. "सही करू नका."

बाईंनी वर पाहिलं. "आता काय राहिलं? चाकंही पुट्टीची आहेत का?"

आजूबाजूचे जवळ सरकले. डॉक्टरनं जुळवलेलं एकही वाक्य त्याला आठवलं नाही, हे त्याचं नशीबच. "मी चुकलो," तो म्हणाला. आवाज इतका बारीक आला की मागच्यांनी "काय? काय म्हणाला?" असं विचारलं, आणि त्याला ते दुसऱ्यांदा मोठ्यानं म्हणावं लागलं. "चुकलो म्हणतोय! गाडीत कणभर पुट्टी नाही. बॉडी ॲल्युमिनियमची आहे. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. बाई खरं बोलत होत्या, मी ऐकलं नाही."

त्याला वाटलं होतं, लोक हसतील. तेवढी तयारी करून तो आला होता. पण कुणी हसलं नाही. त्यांचा विश्वासच बसला नाही.

"डॉक्टर चुकणं शक्य नाही," एक जण ठामपणे म्हणाला.

"बाईंची दया आली असेल," दुसरा.

"दया कसली? कुंड्या किती मिळाल्या ते विचारा!" आणि आता मात्र लोक हसले.

बावीस वर्षं डॉक्टरनं लोकांना एकच गोष्ट शिकवली होती: याचा शब्द शेवटचा. लोक ती इतकी पक्की शिकले होते की आता त्याच्या पहिल्या शब्दापुढे त्याचा दुसरा शब्द टिकेना. दलाल लांबून गालातल्या गालात हसत होता. "अहो, ॲल्युमिनियमची पातेली असतात," तो कळवळून म्हणाला. "डॉक्टर, ऊन लागलंय तुम्हाला. सावलीत बसा."

डॉक्टर बाईंकडे वळला. "बाई, एक उपाय आहे. दाराच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूनं, एक बारीक भोक पाडतो. पुट्टी असली तर पीठ निघेल. धातू असला तर चकचकीत कीस निघेल, वळवळत. तिथे पाणी निचरायला कंपनीचीच चार भोकं असतात, पाचवं कुणाला दिसणारही नाही."

बाईंनी त्याच्या हातातलं ड्रिल पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. "आधी माझ्या अब्रूला भोक पाडलंत. आता दाराला पाडता?"

तो नुसता उभा राहिला, ड्रिल दोन्ही हातांत धरून, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखा. गर्दी गप्प झाली होती. हीच ती शांतता, जिच्यासाठी तो दर रविवारी येत असे. ती एवढी टोचते हे त्याला माहीत नव्हतं.

बाईंनी फाईल बॉनेटवर ठेवली आणि स्वतः दार उघडलं. "पाडा. पण पीठ निघालं तर ते तुम्ही खायचं."

डॉक्टर जमिनीवर आडवा झाला. नवं बिट पुसून लावलं, जागा दोनदा चाचपली. उभ्या आयुष्यात हजारो भोकं पाडलेल्या माणसानं ती तिसऱ्यांदाही चाचपली, कारण शोरूममधल्या मुलीच्या शब्दापलीकडे त्याच्याकडे पुरावा नव्हता, आणि स्वतःच्या पारखेवरचा विश्वास तर कालच उडाला होता. ड्रिल फिरलं. आधी निळ्या रंगाची भुकटी आली. मागून कुणी तरी "पीठ!" असं ओरडलं. मग आवाज बदलला, आणि बिटाभोवती गुंडाळत चांदीसारखी पांढरी तार बाहेर आली. गोल गोल, लांबच लांब.

डॉक्टरनं ती तळहातावर घेतली. पाठीला माती, केसांत माती. त्यानं हात वर केला. एकानं चिमटीत धरून पाहिली, दुसऱ्यानं चुंबक लावून पाहिलं, तिसऱ्यानं दातांखाली धरली. पत्र्याचा कीस दातांखाली धरून त्याला काय कळलं देव जाणे, पण तोच सगळ्यात मोठ्यानं म्हणाला, "धातू आहे!"

"हे एकाच जागी झालं," मघाचा ठाम माणूस अजून ठाम होता. "बॉनेटला पाडून दाखवा."

"गाडी विकायची आहे मला," बाई म्हणाल्या, "पीठ चाळायचं नाही तिच्यातून."

त्या हशात निर्णय झाला. पाण्याचे जार पोचवणारा एक गृहस्थ इतका वेळ मागे उभा होता. त्यानं पुढे येऊन विचारलं, "ही खरंच गंजत नाही? माझ्या आधीच्या गाडीचा हौदा पाण्यानं पार खाल्लाय." आणि पहिल्यांदाच कुणी तरी हा प्रश्न डॉक्टरला न विचारता बाईंना विचारला होता. बाई त्याला हौद्यात घेऊन गेल्या. मातीच्या पोत्यांनी रंग घासून गेला होता तिथला उघडा, पांढरा धातू दाखवला. सात वर्षं तो तिथे तसाच होता, कुणीही येऊन पाहावा असा. डॉक्टरनं तीन फेऱ्यांत हौद्यात डोकावलंच नव्हतं.

दलालानं घाईघाईनं आपला आकडा वाढवला. बाईंनी त्याचं पेन त्याच्या खिशाला अडकवलं आणि जारवाल्याबरोबर मूळ किमतीला व्यवहार केला.

गर्दी पांगली. जाता जाता माणसं डॉक्टरच्या पाठीवर थाप मारत होती. कौतुक की माती झटकणं, ते कळायला मार्ग नव्हता. एक जण म्हणाला, "डॉक्टर, पुढच्या रविवारी माझीपण बघा." डॉक्टर म्हणाला, "आधी मालकाला विचारा, कशाची आहे."

मग तो बाईंपाशी गेला. "बाई, माफ करा."

"ते मी अजून ठरवलेलं नाही," बाई कागद आवरत म्हणाल्या. "सध्या अडचण वेगळी आहे. गाडी गेली, आणि नर्सरीत अजून दोनशे कुंड्या पडल्यात. लोकांना आता यायला तोंड नाही, म्हणून मीच घरोघरी वाटून टाकणार आहे. तुमच्याकडे पिकअप आहे?"

"आहे. जुनी. पोलादी."

"गंजलेली?"

"भरपूर."

"मग उद्या सकाळी आठला या."

सोमवारी आठला डॉक्टर हजर. साडूलाही ओढून आणला होता; कपाटं उचलणाऱ्या माणसाला कुंडी म्हणजे किस झाड की पत्ती, असा त्याचा अंदाज, आणि तोही चुकला. ओल्या मातीची कुंडी कपाटाच्या वरचढ निघाली. शिवाय कपाटाला धरायला कोपरा असतो. बाई खुर्चीवर बसून यादी वाचत होत्या: टाकीजवळच्या मास्तरांकडे दोन, दवाखान्याला सहा, शिंप्याला एक. पहिल्या दहा घरी माणसांनी कुंडी घेताना बाईंची चौकशी केली, खाली मान घालून केली. अकरावं घर ठाम माणसाचं होतं. त्याला बाईंनी सगळ्यात मोठी कुंडी पाठवली होती, आणि ती चार मजले चढवायची होती.

दुपारी दुसऱ्या खेपेला डॉक्टर एका कुंडीपाशी थांबला. आत नुसती काठी उभी, पान नाही, कोंब नाही. त्यानं कंबर सरळ केली, हात पाठीमागे बांधले, कुंडीभोवती एक चक्कर मारली आणि काठीला पेरानं टकटक केली.

"बाई, हे गेलंय. फेकून देऊ?"

बाईंनी यादीतून मान वर केली.

"ते दर वर्षी या दिवसांत पानं टाकतं, आणि दर वर्षी फुटतं. डॉक्टर, निदान करू नका. नुसतं उचला."